रॅम घ्यावी ती बोर्ड पाहून

‘संगणक रखडतोय? आठ जीबी रॅम टाका, पळायला लागेल.’ रोहा तालुक्यातल्या खांब परिसरात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्यांपासून लग्नपत्रिका तयार करणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या तोंडी हा सल्ला ऐकू येतो. तो निम्मा खरा आहे. रॅम अपुरी पडली की संगणक उरलेला पसारा डिस्कवर टाकतो आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते. रॅम वाढवली की म्हणूनच फरक जाणवतो. पण कोणती रॅम, हे या सल्ल्यात नसते आणि फसगत तिथेच होते. पेण-रोह्याला रॅमची हवी ती पट्टी मिळाली नाही, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. चुकीची पट्टी हाती आली की पैशांबरोबर दिवसही बुडतो.

‘रॅम इथूनतिथून सारखीच’ हा पहिला गैरसमज. डेस्कटॉपच्या डीडीआर-3 पिढीच्या पट्टीला 240 पिना असतात, डीडीआर-4 ला 288. डीडीआर-5 लाही 288 च असतात, पण तिची खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि तिच्या पिना अनुक्रमे 204, 260 आणि 262. ही खाच चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ठेवलेली आहे. ती जुळत नसताना जोर लावला, तर स्लॉट तुटतो.

‘खाच जुळली म्हणजे झाले’ हा दुसरा गैरसमज अधिक फसवा. डीडीआर-3 ला 1.5 व्होल्ट लागतात, डीडीआर-3एल 1.35 वर चालते. खाच मात्र दोघींची एकच. इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक लॅपटॉपना 1.35 चीच पट्टी लागते. तिथे 1.5 ची पट्टी नीट बसते, पण पडदा काळाच राहतो. सर्व्हरमधून काढलेल्या डीडीआर-4 च्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्याही घरच्या डेस्कटॉपमध्ये बसतात, पण चालत नाहीत.

‘मेगाहर्ट्झ जास्त तेवढा वेग जास्त’ हेही अर्धसत्य. प्रोसेसर 2400 पर्यंतच पेलणारा असेल, तर 3200 ची पट्टी 2400 नेच चालते. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोघी मंद पट्टीच्या वेगाने चालतात. जुवाखाली एक बैल संथ असला की जोडीचा वेग त्याचाच. जीबीचेही तसेच. 32-बिट विंडोज 10 ला 4 जीबीपलीकडची रॅम वापरता येत नाही. काही लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डावरच डाख देऊन जोडलेली असते, स्लॉटच नसतो.

यावर कुणी म्हणेल, ‘आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या लावल्या, वर्षानुवर्षे चालल्या.’ चालल्या असतील. मला ते मान्य आहे. जेडेक या संस्थेने ठरवलेली मानके सगळे उत्पादक पाळतात, म्हणून त्या चालल्या. पिढी आणि व्होल्टेज जुळले होते, वेग बोर्डाने जुळवून घेतला. हा अनुभव नियम मोडत नाही, उलट सिद्ध करतो. ‘दुकानदाराला सगळे कळते’ हा दुसरा आक्षेप. दुकानदार जाणकार असेलही, पण तुमचा बोर्ड त्याच्यासमोर नसतो.

म्हणून आधी पाहावे, मग घ्यावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडली की वेग, पट्टीचा आकार आणि वापरातले स्लॉट दिसतात. संगणक बंद करून, वायर काढून जुन्या पट्टीचे लेबल वाचा. ‘पीसी3एल-12800’ म्हणजे 1600 वेगाची डीडीआर-3एल. ‘पीसी4-19200’ म्हणजे 2400 वेगाची डीडीआर-4. यातला मोठा आकडा सेकंदाला किती मेगाबाइट माहिती जाते ते सांगतो. त्याला मेगाहर्ट्झ समजू नका. बोर्ड जास्तीत जास्त किती जीबी घेतो, ते उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. जमल्यास दोन सारख्या पट्ट्यांची जोडी घ्या. नवी पट्टी लावल्यावर विंडोजमधली मेमरी तपासणी एकदा चालवा.

याला अभियंता असण्याची गरज नाही, वाचता येणे पुरते. खांबच्या थांब्यावर एसटीत बसण्याआधी जुन्या पट्टीच्या लेबलाचा फोटो आणि बोर्डाचा मॉडेल क्रमांक मोबाइलमध्ये घ्या, आणि दुकानात ‘आठ जीबी द्या’ म्हणण्याआधी तो फोटो पुढे करा.