आभाळातल्या खाणीचा भाव



मागे विक्रोळीला जाणे झाले. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे विकास इंजिन बनत आले आहे. चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटात अशी दोन इंजिने होती. गावी हे सांगितले तर एकाने विचारले, "रॉकेटवाले आता आभाळातले दगड खणून धातू आणणार म्हणतात. आपल्याला त्याचे काय?"

विचारले थट्टेने, पण हिशेब आपल्या ओळखीचा आहे.

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात सायकी नावाचा लघुग्रह आहे. त्यात लोखंड-निकेल भरपूर असावे असा अंदाज. नासाचे यान 2023 मध्ये तिकडे निघाले, 2029 मध्ये पोचायचे आहे. या दगडाची किंमत छापून आली: एकावर एकोणीस शून्ये, तेवढे डॉलर! वजन गुणिले आजचा भाव. बोंडे लागली की आपणही मनात हाच गुणाकार करतो. पुढे काय होते ते सांगायला नको. 2025 च्या ऑगस्टात सरकारने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले, मग सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीत.

आज भिण्याजोगे काही नाही. बेन्नू लघुग्रहावरून 2023 मध्ये आलेली खडी-माती भरली 121.6 ग्रॅम, अर्धा पावही नाही. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. या दराने लोखंड कोणी आणणार नाही, सुरजागडचा डोंगर काही वाचत नाही. आणलेच तर प्लॅटिनमसारखे काही आणतील. ते स्वस्त झाले तर मी आडवा येणार नाही. पण जगातले बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून निघते. भाव पडला तर तोटा तिथल्या मजुराच्या अंगावर.

चंपारण आठवा. 1897 मध्ये जर्मन कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीचा भाव गेला. गोऱ्या मळेवाल्यांनी काय केले? निळीच्या सक्तीतून सोडण्याच्या बदल्यात कुळांचा खंड वाढवला, कुठे रोख रक्कम उकळली. नवे तंत्र वाईट नव्हते. बुडीत मात्र कुळाच्या नावावर चढवली.

1982 च्या सागरी कायद्याच्या करारात समुद्रतळाच्या खनिजांमुळे भाव पडून ज्या गरीब देशांना फटका बसेल त्यांना मदत देण्याची तरतूद आहे. आभाळासाठी असे काही नाही. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा केला, आपल्या माणसाने खणला तो माल त्याचा. भारताने जून 2023 मध्ये आर्टेमिस करारावर सही केली. त्यातही पडलेल्या भावाबद्दल अक्षर नाही. बैठकीला खासदार आले तर एवढे विचारा: समुद्रासाठी जे मान्य केले, ते आभाळासाठी का मागितले नाही?