शेजारी बसून ऐकणारी शाळा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना फराळाच्या ताटाबरोबर वाचायलाही काहीतरी लागू लागलं. त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९०७मध्ये, न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याने ‘स्कूल जर्नल’ नावाचं एक मासिक शाळकरी मुलांसाठी सुरू केलं. सरकारी खात्याचं प्रकाशन, फुकट वाटप आणि सुरुवातीच्या अंकांत ब्रिटिश साम्राज्याची भरघोस आरती. असं मासिक दहा-बारा वर्षांत आपोआप विझावं. ते विझलं नाही, शंभरी ओलांडून गेलं. याचं श्रेय खात्याने नंतर दाखवलेल्या एका शहाणपणाला जातं. मुलांसाठी लिहायचं काम त्याने चांगल्या लेखकांना आणि चित्रकारांना दिलं. देशातला मोठा कवी जेम्स के. बॅक्स्टर काही काळ खात्याच्या याच प्रकाशन शाखेत नोकरीला होता. मार्गारेट माही या ग्रंथपाल बाईंच्या गोष्टी १९६१पासून या मासिकात येऊ लागल्या. त्यांची कुरणातल्या सिंहाची गोष्ट १९६९मध्ये चित्रमय पुस्तक होऊन जगभर गेली आणि २००६मध्ये माहींना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मोठी झालेली ही लेखिका आधी तिथल्या मुलांनी वर्गात बसून वाचली होती.

यंदाच्या अंकाचा मुख्य विषय प्राथमिक शाळा हा आहे. त्याची सुरुवात थेट न्यूझीलंडपासून करायची दोन कारणं. ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन, ख्राइस्टचर्चमधल्या मराठी घरांतली मुलं त्या शाळांत जातात, हे एक. दुसरं अधिक महत्त्वाचं. मुलाला वाचायला शिकवायचं कसं, हे एकेकाळी या देशाने जगाला सांगितलं आणि आता स्वतःचंच म्हणणं स्वतःच मोडीत काढलं. अशा देशाकडे पाहिलं की आपल्याकडच्या चर्चांमधलं बरंचसं धुकं निवळतं.

आपल्याकडे जूनमध्ये अख्खी पहिली एकदम भरते. तिथे मूल पाच वर्षांचं झालं की वाढदिवसाच्या आगेमागे शाळेत येतं. कायद्याने सहा वर्षांपर्यंत थांबता येतं, पण थांबणारे थोडेच. काही शाळा हल्ली मुलांना गटाने घेतात. पण जुनी रीत अशी की आज एक मूल दप्तर घेऊन दाराशी, पंधरा दिवसांनी दुसरं. अशा वर्गात ‘आपला धडा कितवा?’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. हे मूल कुठवर आलं, एवढंच बाईंना विचारता येतं. अगदी २०२५मध्ये सरकारने सक्तीच्या केलेल्या ध्वनी-अक्षर चाचण्यासुद्धा मूल शाळेत येऊन वीस आणि चाळीस आठवडे झाले की घ्यायच्या आहेत. आठवडे मोजायचे ते त्या त्या मुलाचे.

या शाळेत बालभारतीसारखं एकच एक पाठ्यपुस्तक नाही. २००७च्या अभ्यासक्रमाने आठ विषयक्षेत्रं आणि विचार करणं, स्वतःला सांभाळणं, इतरांशी जुळवून घेणं अशा पाच क्षमता सांगितल्या. कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं, हे शाळांवर सोडलं. सहावी इयत्ता संपताना होणारी ‘प्रोफिशिअन्सी’ परीक्षा १९३६मध्येच रद्द झाली होती. पुढे शिक्षणमंत्री पीटर फ्रेझर आणि १९४० ते १९६० शिक्षण संचालक असलेले क्लॅरेन्स बीबी यांनी धोरण ठरवलं. मुलाची कुवत कितीही असो, त्याला झेपेल असं शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, हा त्याचा गाभा. चाळणी गेली. पण चाळणी नसेल तर कोण मागे पडतंय हे कळायचं कसं?

याचं उत्तर मेरी क्ले यांनी दिलं. वेलिंग्टनमध्ये १९२६ साली जन्मलेल्या या बाई ऑकलंड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ झाल्या. साठच्या दशकात त्यांनी नव्याने शाळेत आलेल्या मुलांच्या शेजारी बसून, मुलं पुस्तकाशी नक्की काय करतात ते टिपलं. त्यातूनच ‘रनिंग रेकॉर्ड’ आलं. पद्धत इतकी साधी की तिला यंत्र लागत नाही. मूल वाचतं, बाई शेजारी कागद घेऊन बसतात. बरोबर शब्दाला बरोबरची खूण. चूक झाली तर मूल काय म्हणालं ते वर, पुस्तकात काय होतं ते खाली. स्वतःहून सुधारलं तर त्याची वेगळी खूण. शंभर शब्दांत दहाहून जास्त चुका झाल्या तर पुस्तक जड, पाचच्या आत असल्या तर सोपं. शिकवायची जागा या दोन्हींच्या मधे.

मराठीत उदाहरण घेऊ. पुस्तकात आहे, ‘आजी ओट्यावर बसली होती.’ मूल वाचतं, ‘आजी ओसरीवर बसली होती.’ क्ले यांच्या हिशोबात ही चांगली चूक. अर्थ टिकला, वाक्याची घडण टिकली, पहिलं अक्षरही जुळलं. मूल अर्थ शोधत वाचतंय म्हणून बाई खूश. ‘आजी औषधावर बसली होती’ असं वाचून मूल पुढे गेलं असतं तर मात्र काळजी. या निरीक्षणावर क्ले यांनी ‘रीडिंग रिकव्हरी’ उभी केली. वर्षभर शाळेत राहूनही मागे पडलेल्या सहा वर्षांच्या मुलाला रोज अर्धा तास, एकट्याला, बारा ते वीस आठवडे शिकवायचं. शिक्षिकांचं प्रशिक्षणही धीटपणाचं होतं. एकीने काचेपलीकडे मुलाला शिकवायचं, बाकीच्यांनी अलीकडून पाहत चर्चा करायची. ऐंशीच्या दशकात हा कार्यक्रम देशभर पसरला, तिथून ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेला. क्ले यांना १९८७मध्ये ‘डेम’ किताब मिळाला.

आणि मग ओसरीचा प्रश्न आला. मॅसी विद्यापीठातले विल्यम टनमर, जेम्स चॅपमन आणि टॉम निकोल्सन कित्येक वर्षं सांगत होते की ते मूल वाचत नाहीये, अंदाज बांधतंय. चित्रात आजी आहे, बसलेली आहे, मग ओसरी नाही तर ओटा. सहाव्या वर्षी हे खपतं. नवव्या वर्षी चित्रं संपतात, शब्द अनोळखी होतात आणि अक्षरं उलगडायची सवय नसलेलं मूल तिथेच अडकतं. घरी पुस्तकांचा राबता असलेली मुलं कशीही शिकतात. मार बसतो तो ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याला. चौथी-पाचवीच्या वयाच्या मुलांच्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन पाहणीत न्यूझीलंडचे गुण २०११मध्ये ५३१ होते, २०१६मध्ये ५२३ झाले आणि २०२१मध्ये ५२१. सरासरीपेक्षा वरच, पण उतरती कळा लागलेली. त्यात वरच्या आणि खालच्या मुलांमधलं अंतर मोठं. एरिका स्टॅनफर्ड शिक्षणमंत्री झाल्यावर निर्णय भराभर झाले. २०२४पासून रोज एकेक तास वाचन, लेखन आणि गणित. २०२५पासून ध्वनी आणि अक्षरांची सांगड क्रमाने शिकवणारी पद्धत सक्तीची. ‘रीडिंग रिकव्हरी’चा सरकारी निधी बंद.

इंग्रजीपुरता हा निर्णय योग्यच आहे, असं या संपादकीयाचं मत. ज्या भाषेत एकच ध्वनी पाच प्रकारे लिहितात, तिथे अक्षरांचं कोडं मुलाने आपोआप सोडवावं ही अपेक्षा निष्ठुर होती. पण तिथली लढाई जशीच्या तशी मराठीवर लादण्यात अर्थ नाही. देवनागरीत अक्षर बहुतांशी लिहिलं तसं उच्चारलं जातं. आपलं मूल अडतं ते मात्रांवर आणि जोडाक्षरांवर. शिवाय आपल्याकडे उलटाच आजार आहे. बाराखडी खणखणीत म्हणणारं मूल परिच्छेद वाचतं आणि ‘यात काय सांगितलंय?’ विचारलं की छताकडे बघतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन, म्हणजे तिथल्या मुलांच्या मॅक्सिन मावशी, यांनी ऐंशीच्या दशकापासून यावर मराठीतूनच काम केलं. थोडी अक्षरं झाली की लगेच त्यांचे अर्थपूर्ण शब्द, आणि त्याबरोबर मुलांच्या स्वतःच्या गोष्टी आणि गप्पा. अक्षर आणि अर्थ यांना एकमेकांपासून तोडायचं नाही, एवढंच तत्त्व. न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी पन्नासच्या दशकात हेच वेगळ्या वाटेने केलं होतं. प्रत्येक मुलाने रोज स्वतःला हवा तो शब्द मागायचा, बाईंनी तो कार्डावर लिहून द्यायचा. मुलं ‘भूत’ मागत, ‘पापा’ मागत. दुसऱ्या दिवशी शब्द ओळखला तर कार्ड त्याचं, नाही ओळखला तर शब्द मनातला नव्हता म्हणून कार्ड बाद. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३मध्ये आलं.

मूल्यमापनातही तिथे घड्याळाचा लंबक कमी हिंदकळला नाही. २०१०मध्ये ‘नॅशनल स्टँडर्ड्स’ आली. प्रत्येक मुलाला वाचन, लेखन, गणितात ‘वर’, ‘बरोबरीला’, ‘खाली’, ‘बरंच खाली’ असा शिक्का. वर्तमानपत्रांनी शाळांची तुलना छापली, शिक्षक संघटना चिडल्या आणि २०१७च्या अखेरीस नव्या सरकारने ती गुंडाळली. आता पुन्हा वर्षातून दोनदा प्रगती तपासायची व्यवस्था येते आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, मग पायाभूत चाचण्या, मग पाचवी-आठवीला परत परीक्षा हा प्रवास पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकाला यात काहीच नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत गावोगावचे कार्यकर्ते मुलाच्या घरी जाऊन त्याच्याकडून अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचून घेतात. म्हणजे शेजारी बसून ऐकणं आपल्यालाही येतं. फक्त ते आपण बाहेरच्या पाहुण्यावर सोपवलं आहे. निकाल लागले की आठवडाभर अग्रलेख येतात. वर्गात मात्र चाळीस-पन्नास मुलं एका सुरात धडा म्हणत राहतात. त्या सुरात कोण नुसते ओठ हलवतंय हे बाईंना कळायला मार्ग नाही. क्ले यांचा अंदाजाचा सिद्धान्त मागे पडला तर पडू दे. त्यांनी मुलाशेजारी मांडलेली खुर्ची काढून घ्यायचं कारण नाही.

बोलण्याबाबत न्यूझीलंडची शाळा आपल्या पुष्कळ पुढे आहे. प्राथमिकच्या नव्या इंग्रजी अभ्यासक्रमात मौखिक भाषा, वाचन आणि लेखन असे तीन धागे आहेत. बोलणं त्यातलं पहिलं, शोभेचं नव्हे. लहान मुलं चटईवर गोल बसतात, एक मूल उभं राहून काहीतरी सांगतं, बाकीची प्रश्न विचारतात. त्यात माओरी परंपरेची ‘पेपेहा’ आली आहे. यात स्वतःची ओळख करून देताना आधी आपला डोंगर, आपली नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी आणि आपले लोक सांगायचे. स्वतःचं नाव शेवटी. स्थलांतरित मुलांनी माओरी डोंगर आपला म्हणावा का, यावर तिथे वाद आहे, आणि तो रास्त आहे. बऱ्याच शाळा अशा मुलांना स्वतःच्या मुळाचं गाव सांगायला आणि आता राहतो त्या जागेचा आदराने उल्लेख करायला शिकवतात. ऑकलंडच्या वर्गात एखाद्या मुलीने सह्याद्री आणि कृष्णा सांगायची तर त्यासाठी घरी कोणीतरी तिला सह्याद्री आणि कृष्णा सांगितलेली असावी लागते.

ही उदारता त्या शाळांत नेहमी नव्हती. १८६७च्या ‘नेटिव्ह स्कूल्स’ कायद्यानंतर माओरी मुलांना इंग्रजीतून शिकवलं गेलं, आणि शाळेत माओरी बोलल्याबद्दल छडी खाल्लेली पिढी पुढे आपल्या मुलांशी घरीही इंग्रजीच बोलली. भाषा जवळजवळ गेली होती. १९८२मध्ये ‘कोहांगा रेओ’ ही आज्या-आजोबांनी माओरीतून चालवायची बालवर्गांची चळवळ उभी राहिली, १९८५मध्ये ऑकलंडच्या होआनी वायटिटी मराएवर, म्हणजे माओरींच्या सामुदायिक सभास्थानी, माओरी माध्यमाची पहिली शाळा निघाली आणि १९८७मध्ये भाषा अधिकृत झाली. ‘शाळेत मागे पडू नये म्हणून आम्ही घरी इंग्रजीच बोलतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या मराठी आईबापांनी हा इतिहास एकदा वाचावा. इथे तर कोणी छडीही उगारलेली नाही.

घरी काय करायचं, याचं उत्तरही त्याच देशात मिळालं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडच्या मांगेरे या कष्टकरी वस्तीत टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन आणि विव्हियन रॉबिन्सन या संशोधकांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांनाच शिकवलं. मूल अडलं तर किमान पाच सेकंद गप्प राहायचं. तरीही अडलं तर शब्द सांगून न टाकता खूण द्यायची. जमलं की काय जमलं ते सांगून कौतुक करायचं. पुढे ही पद्धत माओरी भाषेतही नेली गेली. ती मराठीत करायला कोणाची परवानगी लागत नाही. जोडाक्षराशी अडलेल्या मुलासमोर पाच सेकंद गप्प बसणं आपल्या जातकुळीच्या पालकांना फार अवघड जातं, हे खरं. तरी या सुट्टीत, पुण्यात असा वा पामर्स्टन नॉर्थमध्ये, या अंकातलं एखादं पान घरातल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि ते वाचत असताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.