बातमीचे बिल कोण भरते?

२३ एप्रिल २०२४. सर्वोच्च न्यायालयात पतंजली आयुर्वेदच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणाची सुनावणी चालू होती. कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापून आणला होता. हा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का, असा सवाल न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने केला. त्याच सुनावणीत टीव्हीचाही विषय निघाला. एका वाहिनीवर निवेदक या खटल्याचीच बातमी वाचत असताना पडद्याच्या बाजूच्या चौकटीत पतंजलीची जाहिरात चालू होती, याकडे खंडपीठाने लक्ष वेधले.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही.

पडद्याच्या कडेने जाहिरातीची पट्टी फिरवायच्या या प्रकाराला जाहिरातीच्या धंद्यात ‘एल-बँड’ म्हणतात. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सातवा नियम काय सांगतो? जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे; पडद्याच्या खालच्या भागात स्थिर वा सरकता मजकूर चालवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. हाच नियम तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिरातींना देतो आणि सिद्ध करणे अवघड अशा चमत्कारी गुणांचा दावा करायला मनाई करतो. नियमावली तीस वर्षांहून जुनी आहे. कोणतीही वृत्तवाहिनी तासभर लावून बसावे आणि या नियमाचे काय होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

वाहिन्यांचा बचाव ठरलेला असतो. जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय विभाग वेगळा, दोघांच्या मध्ये भिंत आहे, वगैरे. भिंत असेलही, पण दोन्ही विभागांचे पगार एकाच गल्ल्यातून होतात. मोठ्या जाहिरातदाराला फोन करून बातमी मारायला सांगावे लागत नाही. डेस्कवरच्या माणसाला ठाऊक असते की कोणती बातमी ‘हेडलाइन’ला घ्यायची आणि कोणती रात्री अकराच्या ‘फटाफट’मध्ये दहा सेकंदांत उरकायची. असा पक्षपात पकडताही येत नाही, कारण दाखवलेली बातमी खरीच असते आणि न दाखवलेलीचा पुरावा मागे राहत नाही.

पतंजलीच्या कोरोनिल या कोविडवरच्या औषधाचेच पाहा. २३ जून २०२० रोजी हरिद्वारच्या पत्रकार परिषदेत सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे झाल्याचा दावा झाला आणि वृत्तवाहिन्यांनी तो थेट दाखवला. देश टाळेबंदीतून नुकता बाहेर पडत होता, लोक घाबरलेले होते. त्याच दिवशी आयुष मंत्रालयाने तपशील मागवले आणि तपासणी होईपर्यंत जाहिरात थांबवायला सांगितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत कोरोनिल पुन्हा झळकले. त्यांत नागपूरचे नितीन गडकरीही होते. आपण कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाला प्रमाणपत्र दिलेले नाही, असा खुलासा जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला. योग्य प्रमाणपत्राशिवाय कोरोनिल महाराष्ट्रात विकू देणार नाही, असे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केले. जो प्रश्न एका राज्याच्या गृहमंत्र्याला पडला, तो पहिल्याच दिवशी थेट प्रक्षेपणात विचारणे हे तिथल्या पत्रकारांचे काम होते.

मोठ्या कंपनीचे सोडा. सकाळच्या वेळी अर्ध्या तासाचा ‘आरोग्य’ कार्यक्रम लागतो. पांढरा कोट घातलेले ‘तज्ज्ञ’, समोर अदबीने मान डोलावणारी सूत्रसंचालिका, मध्येच सांधेदुखीतून उठून जिने चढणारे आजोबा. खाली मोठ्या अंकांत फोन नंबर, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रायोजित’. वर वाहिनीचा लोगो तोच, जो संध्याकाळी विधानसभेच्या बातमीवर असतो. मधुमेहाच्या गोळ्या सोडून काढ्यावर येणारा माणूस त्या लोगोवर विश्वास ठेवून येतो, आणि विकली जाते ती वाहिनीची हीच पत.

कायदा या बाबतीत बोटचेपा नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात ५४ विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, रक्तदाब, लठ्ठपणा हे सगळे त्यात येतात. ते बरे करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे, आणि ती प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेणारा त्यात सापडतो. प्रकाश, ध्वनी, एवढेच काय, धुराने केलेली घोषणाही या कायद्याच्या लेखी जाहिरात ठरते. धुराचाही विचार केलेल्या कायद्यातून टीव्ही मात्र सहीसलामत सुटत आला आहे.

हे दुखणे फक्त आयुर्वेदाच्या नावावर खपवता येणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची थेट ग्राहकांना जाहिरात करायला अमेरिका आणि न्यूझीलंड हे दोन देश मुभा देतात, आणि अमेरिकेतल्या संध्याकाळच्या बातम्या या जाहिरातींनी भरलेल्या असतात. मार्च २००२ मध्ये अभिनेत्री लॉरेन बकॉल एनबीसीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात आल्या. एका स्नेह्याची दृष्टी गेल्याचे सांगता सांगता त्यांनी डोळ्यांच्या विकारावरच्या विझुडाइन या औषधाचे नाव घेतले. नोव्हार्टिस कंपनीने त्यांना पैसे दिले होते, हे प्रेक्षकांना कोणी सांगितले नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच वर्षी हे उघड केल्यावर सीएनएनने असे संबंध पाहुण्यांना विचारून प्रेक्षकांना सांगण्याचे धोरण जाहीर केले. एवढे साधे काम बातमी फुटल्यावरच सुचले.

जाहिरातीशिवाय वाहिनी चालत नाही, हे खरेच. साबण, सिमेंट, सोने यांच्या पैशावर बातम्या चालाव्यात, कोणाची ना नाही. सिमेंटची जाहिरात पाहून कोणी इन्शुलिन बंद करत नाही, म्हणून औषधाला वेगळा न्याय हवा. शिवाय लपवाछपवीची किंमत खऱ्या औषधांनाही मोजावी लागते. अमेरिकी कार्यक्रमांच्या सुरुवातीचे फायझरच्या प्रायोजकत्वाचे तुकडे जोडून चित्रफिती फिरल्या आणि लसविरोधकांना आयते कोलीत मिळाले.

राज्याकडून आधी मंजुरी घेतल्याशिवाय आयुर्वेदिक औषधांची जाहिरात नको, असे सांगणारा नियम १७० केंद्राने जुलै २०२४ मध्ये वगळला. सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला दिलेली स्थगिती ऑगस्ट २०२५ मध्ये, पतंजली प्रकरणातली याचिका निकाली निघताना, उठली. आता दारावर पहारेकरी राहिलेला नाही. म्हणून प्रेक्षकांच्या मागण्या या:

१. औषध वा उपचाराच्या प्रायोजित कार्यक्रमात प्रायोजकाचे नाव पूर्ण वेळ, फोन नंबरएवढ्याच मोठ्या अक्षरांत दिसावे.

२. बातमी चालू असताना पडद्यावर औषधाची जाहिरात नको.

३. आरोग्यावर बोलणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाचे कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध निवेदकाने सुरुवातीलाच सांगावेत.

४. औषध आणि आरोग्य क्षेत्रातून मिळालेले जाहिरातींचे उत्पन्न प्रत्येक वृत्तवाहिनीने दरवर्षी जाहीर करावे.

तोवर तक्रारीचा रस्ता खुला आहे. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ आणि पडद्याचा फोटो जोडून तक्रार वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावी, आणि तिची एक प्रत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी.