भाडे घेतो, मग तक्रारही घ्यावी

आपल्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आज एकच चित्र दिसते. मुले नोकरीसाठी दुसऱ्या गावी जातात आणि वडिलांनी पै-पै जोडून बांधलेले घर कुलूप लावून पडून राहते. आमचेही तसेच झाले. आमची नोकरी इंदापूरला आणि अब्बांचे घर बारामतीला. मध्ये भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा एसटीचा रस्ता. अब्बांच्या इंतकालनंतर वर्षभर घर बंद होते. दाराच्या चौकटीला वाळवी लागली, टाकीच्या तळाशी गाळ साचला. शेवटी घर भाड्याने द्यायचे ठरवले. त्या वर्षात आमच्या हातून काय चुकले ते सांगण्यासाठी या महिन्याचा हा लेख. आमच्यासारखे नवे घरमालक या मासिकाच्या वाचकांतही पुष्कळ असतील.

बारामतीत भाडेकरू मिळायला अडचण नाही. एमआयडीसी आहे, मोठमोठी कॉलेजे आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका परिचिताने एजंट गाठून दिला. घर पाहून त्याने पहिलाच प्रश्न केला, "सर, कोणत्या समाजाचे चालतील?"

आम्हाला आमचे जुने दिवस आठवले. नोकरीच्या पहिल्या वर्षी परगावी खोली शोधत होतो, तेव्हा फोनवर खोली रिकामी असायची आणि नाव सांगितले की "ती तर कालच गेली" असे उत्तर मिळायचे. आम्ही एजंटला म्हणालो, "घर नीट वापरणारा आणि वेळेवर भाडे देणारा माणूस आणा. बाकी काही विचारू नका." या उत्तराचे आम्हाला मनातून थोडे कौतुकही वाटले. पण घर कुणाला दिले एवढ्याने घरमालकाची परीक्षा संपत नाही. दिल्यानंतर आपण कसे वागतो, तिथे ती सुरू होते.

आठवड्याभरात लातूरकडचे एक जोडपे आले. नवरा कंपनीत, बायको खासगी दवाखान्यात नर्स, सोबत दोन वर्षांची मुलगी. भाडे ६,००० रुपये, डिपॉझिट २५,०००. एजंटने एका महिन्याचे भाडे आमच्याकडून घेतले, तेवढेच त्यांच्याकडूनही घेतले. करार म्हणून स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला. "नोंदणी वगैरे कुणी करत नाही, सर. सगळे असंच करतात," असे म्हणून घराची एक चावी त्याने स्वतःकडेच ठेवली. आम्ही संध्याकाळच्या एसटीने इंदापूरला परतलो. काम संपले असे वाटले.

पंधरा दिवसांत पहिला फोन आला, मोरीतून पाणी जात नाही. मे महिन्यात दुसरा, टाकी गळते आणि मोटर चालू-बंद होते. उन्हाळ्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी लांबले की बारामतीत पाणी जपून वापरावे लागते. अशा दिवसांत टाकी गळणे म्हणजे काय, हे आम्हाला कळायला हवे होते. पहिल्या पावसानंतर तिसरा फोन, स्लॅबमधून ओल येते. आम्ही एजंटला विचारले. तो म्हणाला, "सर, भाडेकरूला नंबर दिला तिथंच चुकलात. एक काम केलं की दहा सांगतात."

आम्ही शाळेच्या वेळेत त्यांचे फोन घेणे बंद केले. पुढे शाळेच्या वेळेबाहेरही घेतले नाहीत.

जुलैमध्ये खात्यावर ६,००० ऐवजी ४,५०० जमा झाले. आम्हाला राग आला. आमचेच घर आणि आमचेच भाडे कापतात! एजंटला फोन केला. त्याच्याकडे उपाय तयार होता. "मोटरचा स्विच माझ्या ताब्यात आहे. दोन दिवस पाणी बंद ठेवतो, आपोआप घर रिकामं करतील."

त्यावर आम्ही "नाही" म्हणायला हवे होते. आम्ही म्हणालो, "बघू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खालाजानचा फोन आला. अब्बांच्या वेळेपासून त्या तिथे राहतात. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, तुमच्या अब्बांच्या घरात पाणी बंद केलंय म्हणे. मी दोन हंडे दिलेत त्या पोरीला. तुम्हाला माहीत आहे ना?"

आम्ही रजा टाकून पहिल्या एसटीने बारामतीला गेलो. आधी मोटर सुरू केली, मग घर पाहिले. बाळाच्या अंथरुणावरची भिंत हिरवी पडली होती. स्विचबोर्डच्या वरपर्यंत ओल उतरली होती, हात लावायची भीती वाटावी अशी. नवरा कामावर होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, आम्ही भाडं अडवलं नाही. टाकीचं काम करून घेतलं, त्याचं पंधराशेचं बिल तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. तुम्ही उघडलंच नाही." मोबाइल पाहिला. बिल तीन आठवड्यांपासून पडून होते. आम्ही माफी मागितली. दुसरे काही बोलण्यासारखे नव्हते.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी नीट समजून घेतल्या. एक दीनची आणि दुसरी कायद्याची.

फिक्हमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. यात घर विकले जात नाही, घराचा उपयोग विकला जातो. म्हणजे भाडे ही राहण्याजोग्या घराची किंमत आहे. छत गळत असेल, पाणी येत नसेल, तर आपण पूर्ण किंमत घेऊन अर्धाच माल दिला असे होते. दुकानदाराने मापात कमी दिले तर आपण त्याला काय म्हणतो? मग भाडेकरूची तक्रार म्हणजे आपल्यामागचा त्रास कसा? आपल्याकडून माल कमी पडला, याची ती खबर असते. मूळ बांधकाम राहण्याजोगे ठेवणे मालकाकडे आणि निष्काळजीपणाने केलेली मोडतोड भरून देणे भाडेकरूकडे, अशी साधी वाटणी आहे. तुंबलेल्या मोरीत पुढे लहान मुलीचा डायपर सापडला. तो सहाशे रुपयांचा खर्च त्यांनी कुरकुर न करता दिला. स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचे ३८,००० रुपये आम्ही दिले. सहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम गेली, हे खरे. पण छत आमचे आहे.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर चांगल्या दुरुस्तीत ठेवणे घरमालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत ही मर्यादा आहे. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडायला मनाई आहे. ही मनाई मालकाच्या वतीने वागणाऱ्यालाही लागू आहे. म्हणजे आमच्या "बघू"चा जाब एजंटबरोबर आम्हालाही द्यावा लागला असता. कलम ३१ प्रमाणे भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे.

सर्वात महत्त्वाचे कलम ५५. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे ठरवणे आपल्यावर येते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा महाराष्ट्रात गैरसमज आहे.

"भाडेकरू घर बळकावतील" या भीतीने आपण एजंटचे ऐकतो. त्या भीतीवरचा इलाजही याच कागदात आहे. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कुणी घर सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाणी तोडायची गरजच पडत नाही. सूरह बकरामधील सर्वात लांब आयत, २८२ क्रमांकाची, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. वर्गात मुलांना आम्ही हे सांगतो आणि स्वतःच्या घराचा कागद मात्र आम्ही एजंटवर सोडला होता.

पुढच्या वेळी आम्ही करार ऑनलाइन नोंदवला. आधार कार्ड, फोटो, अंगठा आणि दोन साक्षीदार एवढे लागते. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क असते. आमच्या रकमेवर ते दोनशे रुपयांच्या आसपास बसले. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, शिवाय हाताळणी शुल्क आणि भरून देणाऱ्याची मजुरी. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यातही दिली. एजंटचे काम आता माणूस आणून देण्यापुरते. चावी, मोटर आणि भाडे यांच्याशी त्याचा संबंध नाही. करारासोबत एक यादी जोडली आहे. त्यात पंखे, नळ, दिवे, रंगाची अवस्था आणि वीज मीटरचे रीडिंग आहे. कोणती दुरुस्ती कुणाकडे, तेही लिहिले आहे. बारामतीतल्या एका प्लंबरचा आणि एका वायरमनचा नंबर भाडेकरूला दिला आहे. एक हजारापर्यंतचे काम न विचारता करून घ्यायचे आणि बिल पाठवायचे.

डिपॉझिटविषयी एक कबुली. पहिले पंचवीस हजार आम्ही मुलीच्या प्रवेशासाठी खर्च करून टाकले होते. त्या दिवशी ताई "आमचे पैसे द्या, आम्ही जातो" म्हणाल्या असत्या, तर आमच्याकडे द्यायला काही नव्हते. त्या रकमेला अमानत म्हणा की कर्ज म्हणा, परत तर करायचीच असते. आता ती वेगळ्या खात्यात आहे. आणखी एका एजंटने सुचवले होते, "तीन लाख हेवी डिपॉझिट घ्या, भाडं शून्य." हा प्रकार आपल्या घरांतही सर्रास चालतो. पण दिलेल्या कर्जाच्या बदल्यात फुकट राहायला घर मिळणे हा कर्जावरचा नफा, म्हणजे सूद ठरतो, असे अनेक उलमांचे मत आहे. ज्यांनी असा व्यवहार केला असेल त्यांनी आपल्या आलिमांना एकदा जरूर विचारावे.

ते जोडपे अजून तिथेच आहे. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत ताईंचा फोन आला, मोटरचा आवाज वेगळा येतोय. फोन घेतला, प्लंबरला पाठवले, साडेतीनशे रुपयांत काम झाले. खालाजानना आता पाण्याचे हंडे द्यावे लागत नाहीत, पण आम्ही बारामतीला गेलो की त्या अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतात, "पाणी येतंय ना पोरीला?"

आपलेही घर भाड्याने दिलेले असेल, तर या जुम्याच्या नमाजनंतर भाडेकरूला एक फोन करा. भाड्याचा विषय काढू नका. घरात काय बिघडले आहे, एवढेच विचारा.