थैलीला मुक्तद्वार, श्रमाला कुंपण

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एकाच दिवशी दोन फर्मानांवर सह्या केल्या. पहिल्या फर्मानाने एच-१बी व्हिसावर परदेशातून कुशल कर्मचारी आणू पाहणाऱ्या मालकाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसवला. दुसऱ्याने 'गोल्ड कार्ड' जन्माला घातले. अमेरिकी सरकारला दहा लाख डॉलरची 'भेट' द्या आणि कायम वास्तव्याची वाट मोकळी करून घ्या, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकेचे एक लष्करी विमान उतरले होते. त्यातून १०४ भारतीय परत धाडण्यात आले आणि हातापायांत बेड्या घालूनच त्यांना हा प्रवास घडवण्यात आला होता.

आपल्याकडील वृत्तपत्रांनी या साऱ्या घटनांची वासलात एका लहरी माणसाचा लहरी कारभार म्हणून लावली. ट्रम्प लहरी आहेत याविषयी वाद नाही. परंतु सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसाचे मोल त्याच्या हातातील कसबावरून न ठरवता खिशातील थैलीवरून ठरवावे, हे तत्त्व त्यांनी शोधून काढलेले नाही. ते अमेरिकी कायद्यात शंभर वर्षांहून अधिक काळ सुखेनैव नांदत आहे. त्याचे अत्यंत सभ्य आणि म्हणूनच फारसे चर्चेत न येणारे रूप म्हणजे 'ई-१' आणि 'ई-२' हे व्हिसा. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील आमच्या कित्येक वाचकांच्या घरांतील मुले-मुली एच-१बीच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेली असतात. ई व्हिसाचे नाव मात्र त्यांच्या कानावर सहसा येत नाही, कारण भारतीय नागरिकाला तो मिळतच नाही. का मिळत नाही, आणि उद्या मिळू लागला तर तो कोणाच्या पदरात पडेल, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्या देशाशी अमेरिकेचा मैत्री, व्यापार व नौकानयनाचा अथवा भांडवल-गुंतवणुकीचा करार असेल, किंवा ज्याला खास कायदा करून ही सवलत दिली असेल, त्या देशाच्या नागरिकाला हे व्हिसा मिळतात. ई-१ हा व्यापाऱ्याचा. त्याच्या व्यापाराचा निम्म्याहून अधिक भाग अमेरिका आणि त्याचा मायदेश यांच्यामध्ये चालला पाहिजे. ई-२ हा गुंतवणूकदाराचा. त्याने 'भरीव' रक्कम धंद्यात गुंतवली पाहिजे. भरीव म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. परवानगी दोन-दोन वर्षांनी कितीही वेळा वाढवून मिळते. आपल्याच देशाचे व्यवस्थापक आणि निष्णात कर्मचारी बरोबर आणण्याची मुभा मालकाला असते. या कर्मचाऱ्यांचे वास्तव्य मालकाच्या नोकरीला बांधलेले असते, हे सांगावयास नकोच.

या नियमांतील एका कलमावर मात्र थोडे थांबले पाहिजे. गुंतवणूकदाराचा धंदा 'नाममात्र' असता कामा नये, असे कायदा म्हणतो. नाममात्र कोणता? ज्यातून गुंतवणूकदाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या जेमतेम चरितार्थापलीकडे काही उत्पन्न होत नाही, आणि साधारण पाच वर्षांत होण्याची शक्यताही दिसत नाही, तो. पोटापुरते कमावण्यासाठी येऊ इच्छिणारा माणूस या दाराने येऊ शकत नाही. जगभरातील कोट्यवधी माणसे ज्या एका कारणासाठी घरदार सोडतात, नेमके तेच कारण येथे अपात्रतेचे कारण ठरते. भांडवलशाहीने आपले मन इतक्या उघडपणे कायद्याच्या पुस्तकात क्वचितच लिहून ठेवले असेल.

या व्हिसावर जाणारे सगळेच मोठे भांडवलदार असतात असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घर विकून आणि आयुष्यभराची पुंजी ओतून एखादे उपाहारगृह किंवा दुकान थाटणारी कुटुंबेही त्यांत असतात. दुकान बुडाले की राहण्याचा हक्कही बुडतो. मूल एकवीस वर्षांचे झाले की आईबापांच्या व्हिसाचे छत्र त्याच्यावरून निघून जाते, मग ते तेथेच लहानाचे मोठे झालेले का असेना. छोट्या पुंजीवाल्यालाही या व्यवस्थेत स्वास्थ्य नाही.

आता इतिहासाकडे वळू. कॅलिफोर्नियातील रेल्वेमार्ग चिनी मजुरांनी बांधले आणि ते पुरे झाल्यावर १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. परंतु १८८० च्या करारान्वये चिनी व्यापाऱ्याला ते उघडेच राहिले. वंशद्वेषाचा एवढा डांगोरा पिटला गेला, पण थैली दिसताच तो द्वेष शिष्टाचाराने बाजूला सरला. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भूभाग 'निषिद्ध पट्टा' ठरवला. पंजाबी शेतमजूर आणि लाकूड-गिरण्यांतील कामगार तेव्हापासून बाहेर राहिले. सूट मिळालेल्या वर्गांत व्यापारी होताच. १९२४ च्या कायद्याने करारान्वये व्यापार करण्यासाठी येणाऱ्याचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. आजच्या ई-१ चा हा पूर्वज.

१९२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. चिनी व्यापाऱ्यांच्या बायकामुलांना कराराच्या आधारे प्रवेश मिळाला पाहिजे, असे एका निकालात ठरले. दुसऱ्यात प्रश्न होता अमेरिकी नागरिक असलेल्या चिनी वंशाच्या पुरुषांच्या चिनी पत्नींचा. त्यांना प्रवेश नाकारण्यात आला! नागरिकत्वापेक्षा वखारीचा हक्क वरचढ ठरला.

ई-२ ची भर घातली १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने. अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसने तो संमत केला. कम्युनिस्टांना अमेरिकेत पाऊल ठेवू न देण्याची तरतूदही याच कायद्यात होती. १९९० मध्ये तात्पुरत्या भेटीपुरते ते बंधन सैल झाले. कायम वास्तव्याच्या आड पक्षाचे सभासदत्व आजही येते. एकाच कायद्याने भांडवलासाठी चौकट रुंद केली आणि विचारासाठी पहारा बसवला.

करारांच्या यादीतील सर्वात जुन्यांपैकी एक करार ब्रिटनशी १८१५ मध्ये झालेला आहे. मराठी वाचकाला त्यात एक ओळखीचे नाव सापडेल. अमेरिकी जहाजांना कलकत्ता, मद्रास, प्रिन्स ऑफ वेल्स बेट आणि मुंबई या बंदरांत व्यापाराची मुभा त्या कराराने दिली होती. पुण्यात तेव्हा पेशवाई अजून उभी होती. परस्पर व्यापार-स्वातंत्र्य मात्र अमेरिका आणि ब्रिटनचा युरोपातील मुलूख एवढ्यापुरतेच होते. मुंबईचे बंदर करारात आले. मुंबईचा माणूस आला नाही. ब्रिटिश नागरिकाला त्याच कराराच्या पुण्याईवर आजही ई व्हिसा मिळतो.

भारतीय व्यापाऱ्याला मिळत नाही ते पाकिस्तानी व्यापाऱ्याला मिळते, हे पाहून आपल्याकडील काही मंडळींना वैषम्य वाटते. त्यांनी करारांच्या तारखा पाहाव्यात. पाकिस्तानने या करारावर १९५९ मध्ये सही केली. आदल्याच वर्षी अयुबखानांनी लष्करी सत्ता स्थापन केली होती आणि देश अमेरिकेच्या लष्करी गटांत आधीच गोवला गेला होता. इराणचा करार १९५५ चा. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसाद्देक सरकारला उलथून टाकल्याला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. निकाराग्वाचा करार १९५६ चा, सोमोझाच्या राजवटीतला. चीनचा १९४६ चा, चँग कै-शेकच्या सरकारशी झालेला. क्रांतीनंतर त्याचा लाभ केवळ तैवानला उरला.

फिलिपाइन्सची कथा यांहून उद्बोधक आहे. १९४६ मध्ये स्वातंत्र्य देतानाच अमेरिकेने बेल व्यापार कायद्याची अट घातली: देशाच्या खाणी, जंगले व इतर नैसर्गिक संपत्तीवर अमेरिकी नागरिकाला फिलिपिनो नागरिकाइतकाच हक्क असला पाहिजे, आणि त्यासाठी राज्यघटना बदलली पाहिजे. युद्धाने बेचिराख झालेल्या त्या देशाची नुकसानभरपाई या अटीला टांगून ठेवण्यात आली. घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश मते हवी होती आणि ती जमत नव्हती. तेव्हा लुईस तारुक यांच्यासह डेमोक्रॅटिक अलायन्सच्या निवडून आलेल्या सभासदांना सभागृहात बसूच दिले गेले नाही. दुरुस्ती अशा रीतीने संमत झाली. १९५५ मध्ये फिलिपिनो व्यापाऱ्याला अमेरिकेत प्रवेशाची सवलत मिळू लागली ती या पार्श्वभूमीवर. मनिलाच्या मूठभर व्यापाऱ्यांना जाण्याचा परवाना आणि अमेरिकी मक्तेदारांना देशाच्या खाणींचा परवाना, याला तेव्हा 'समानता' असे नाव होते. ती 'समानता' १९७४ पर्यंत टिकली.

आणि करार अंगाशी आला की अमेरिका काय करते? १ मे १९८५ रोजी निकाराग्वावर व्यापारबंदी लादताना तिने १९५६ चा करारच रद्द करण्याची नोटीस दिली. बंदरांत सुरुंग पेरून आणि व्यापारबंदी लादून अमेरिकेने त्या कराराचा भंग केला, असा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी दिला. तो तिने जुमानला नाही. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने १९५५ च्या कराराच्या आधारे इराणच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, तेव्हा अमेरिकेने त्याच दिवशी तो करार मोडण्याची घोषणा केली. इराणी नागरिकांचे ई व्हिसा त्याबरोबर गेले. 'मैत्री' हा शब्द या करारांच्या मथळ्यांत येतो, एवढेच.

भांडवल एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तेथील कामगाराचे काय होते, याचे उत्तर जपानशी १९५३ मध्ये झालेल्या करारावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात मिळते. सुमितोमो या जपानी कंपनीच्या न्यूयॉर्कमधील उपकंपनीत सेक्रेटरीचे काम करणाऱ्या स्त्रियांनी तक्रार केली की वरच्या जागा केवळ जपानी पुरुषांनाच दिल्या जातात. कंपनीने उत्तर दिले की करारान्वये 'आपल्या पसंतीचे' अधिकारी नेमण्याचा आम्हाला हक्क आहे, म्हणून भेदभावविरोधी कायदा आम्हाला लागू नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एकमताने हा बचाव फेटाळला. अमेरिकी कायद्याखाली नोंदलेली उपकंपनी ही अमेरिकी कंपनीच होय, असे ते म्हणाले. निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला, ही समाधानाची गोष्ट. परंतु व्यापारी करार हाती आला की मालकवर्ग सर्वप्रथम त्याची ढाल कामगार कायद्यापुढे धरतो, हे विसरता येणार नाही. मालक जपानी असो की भारतीय, त्याने फरक पडत नाही.

ग्रेनेडाचे प्रकरण तर विटंबनेचे आहे. मॉरिस बिशप यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकी फौजा या चिमुकल्या बेटावर उतरल्या. १९८६ मध्ये गुंतवणूक करारावर सह्या झाल्या आणि १९८९ पासून ग्रेनेडाच्या नागरिकाला ई-२ मिळू लागला. पुढे २०१३ मध्ये ग्रेनेडाने पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना काढली. मग ज्यांच्या देशाचा करार नाही अशा चीन-भारतातील धनिकांना वाट सापडली: आधी ग्रेनेडाचा पासपोर्ट विकत घ्यायचा, मग त्याच्या जोरावर अमेरिकेचा व्हिसा. डिसेंबर २०२२ च्या अमेरिकी कायद्याने अशा विकतच्या नागरिकाला त्या देशात किमान तीन वर्षे वास्तव्याची अट घातली. देशप्रेमाचे पाठ कष्टकऱ्यांना अष्टौप्रहर ऐकवणाऱ्या वर्गातील माणसे राष्ट्रीयत्वाचा असा बाजारभाव काढतात, यावर अधिक भाष्य नको.

भारताने असा करार केला नाही, त्यामागे राज्यकर्त्यांचे काही पुण्य होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या न केलेल्या करारामुळे हात काहीसे मोकळे राहिले, हे खरे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा सर्वसाधारणपणे चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितले. कोका-कोला १९७७ मध्ये आणि आयबीएम १९७८ मध्ये गाशा गुंडाळून गेल्या. परदेशी भांडवलाला देशी भांडवलाइतकीच वागणूक, नफा निर्वेध बाहेर नेण्याची हमी आणि सरकारला परकीय लवादापुढे खेचण्याचा हक्क, ही अमेरिकी गुंतवणूक करारांची ठरलेली कलमे आहेत. ती मान्य केलेली असती तर चाळीस टक्क्यांचे कलम अमेरिकी कंपन्यांना लावता आले असते काय? २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने लवादात भारताविरुद्ध निवाडा मिळवला, तेव्हा गुंतवणूक करारांची ही धार आपल्या सरकारलाही जाणवली आणि पुढे जुने करार संपुष्टात आणावे लागले.

परंतु दारावर थैली मोजण्याची विद्या दिल्लीलाही अवगत आहे. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी वास्तव्याची योजना मंजूर केली: अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा छत्तीस महिन्यांत पंचवीस कोटी रुपये आणा, दरवर्षी किमान वीस जणांना रोजगार द्या, आणि दहा वर्षे राहण्याचा हक्क मिळवा. त्या वीस जणांना वेतन किती, संघटनेचा हक्क काय, याविषयी सरकारने त्यावेळी अवाक्षर काढले नाही.

बेड्या घातलेले १०४ जण अमृतसरला उतरल्यानंतर आठव्या दिवशी, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी, पंतप्रधान मोदी वॉशिंग्टनमध्ये होते आणि उभय सरकारांनी व्यापार करारासाठी वाटाघाटींची घोषणा केली. अशा वाटाघाटींत कोणत्या वस्तूवर किती जकात, याबरोबरच कोणाला कोणत्या दाराने जाता येईल हेही ठरू शकते. आपल्या राज्यघटनेप्रमाणे करार करणे हे केंद्राच्या अखत्यारीत असून, सही करण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन सरकारवर नाही. अमेरिकेशी होणाऱ्या कोणत्याही व्यापार अथवा गुंतवणूक कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेपुढे ठेवावा, आणि परदेशी गेलेल्या भारतीय कामगारांचे वेतन, सामाजिक सुरक्षेत कापली जाणारी रक्कम व मालक बदलण्याचा हक्क यांवर सरकार काय मागणार आहे ते त्यात लेखी नमूद करावे, अशी मागणी कामगार संघटनांनी आणि संसदेतील डाव्या सभासदांनी लावून धरली पाहिजे.