जागा खाल्ली कुणी?
बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या मराठी घरांतही मुंजीचे, गणपतीचे फोटो आता लॅपटॉपवरच साठतात. डिस्क भरत आली की शोध सुरू होतो: जागा खाल्ली कुणी? विंडोजच्या यादीत फाइलपुढे आकार दिसतो, फोल्डरपुढे मात्र कोरं. कारण फोल्डर स्वतःचा आकार नोंदवून ठेवत नाही. प्रोग्रामला उपफोल्डरांत शिरून एकेक फाइल मोजावी लागते. युनिक्सची ‘डीयू’ ही कमांड १९७१ पासून हेच काम चोख करते आहे. आणि विंडोजच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकडे दोन असतात: फाइलींचा खरा आकार आणि त्यांनी डिस्कवर अडवलेली जागा, म्हणजे ‘साइझ ऑन डिस्क’! ४०९६ बाइटांचे कप्पे पाडलेल्या डिस्कवर ५००० बाइटांची फाइल ८१९२ बाइट अडवते. हजारो बारक्या फाइलींच्या फोल्डरात ही तफावत फारच वाढते, म्हणून साफसफाईला बसताना ‘साइझ ऑन डिस्क’ हाच आकडा धरावा.