काळोखाचा मंत्र आणि सोबत्यांचा वाटा

सुटीच्या दिवशीं चार-पांच मुलें टेबलाभोवतीं बसून कागद, पेन्सिली व नाना आकारांचे फासे घेऊन तासच्या तास खेळतात, हें पाहून कित्येक पालकांस चिंता वाटते. ह्या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. त्यांत एक मुलगा सूत्रधार होऊन गुहा, किल्ले व राक्षस ह्यांचें वर्णन करतो. बाकीचे योद्धा, धर्मगुरु, चोर, जादूगार अशीं पात्रें घेऊन त्या संकटांस तोंड देतात. यशापयश फासा ठरवितो.

मंत्र, सैतान, राक्षस हीं नांवें ऐकून १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अनेक ख्रिस्ती पालकांनीं ह्या खेळास विरोध केला. त्यांची काळजी मी हसण्यावारीं नेत नाहीं. मीहि ख्रिस्ती शिक्षकच आहें. परंतु मुलांशेजारीं बसून पुष्कळ वेळ पाहिल्यावर माझें मत असें झालें आहे कीं, खरी परीक्षा मंत्राच्या नांवांत नसून तो वापरणाराच्या न्यायबुद्धींत आहे. ह्याचें एक उदाहरण येथें देतों.

गेल्या पावसाळ्यांत एका लढाईवरून झालेलें भांडण माझ्यापर्यंत आलें. एका मुलानें काळोखाचा मंत्र टाकला. त्याच्या पात्रास काळोखांतून पाहण्याची देणगी होती, इतरांस नव्हती. त्यानें एकट्यानें शत्रूंस लोळविलें आणि बाकीचे तिघे पाऊण तास हातांत फासे धरून बसले. त्यांतील सर्वांत धाकटा, जो धर्मगुरूचें पात्र घेतो, मला म्हणाला, "सर, आम्ही जिंकलों, पण मी खेळलोंच नाहीं."

आतां नियम पाहूं. २०१४ सालच्या नियमग्रंथाप्रमाणें हा मंत्र १५ फूट त्रिज्येचा गोल काळोखानें भरून टाकतो आणि मंत्र टाकणाराचें लक्ष न ढळल्यास तो १० मिनिटें टिकतो. मशालीचा उजेड त्यांत चालत नाहीं. २०२४ सालच्या आवृत्तींतहि हीं मापें तशींच आहेत. 'वॉरलॉक' जातीचा जादूगार मात्र 'डेव्हिल्स साइट' ही देणगी घेऊन अशा काळोखांतहि १२० फुटांपर्यंत स्वच्छ पाहूं शकतो.

वार लागण्यास वीस पैलूंच्या फाशावर ११ किंवा अधिक पडावें लागतात असें धरूं; एरवीं हा संभव १/२ असतो. पाहणारा आंधळ्यावर वार करतो, तेव्हां तो फासा दोनदां टाकून मोठा अंक घेतो. संभव ३/४ होतो. आंधळ्यानें पाहणारावर वार केला, तर त्यास लहान अंक घ्यावा लागतो. संभव १/४ उरतो. दोघेहि आंधळे असले तर लाभ व हानि एकमेकांस छेदतात आणि संभव पुन्हां १/२ होतो.

मग सोबत्यांची तक्रार कसली? त्यांचा फासा तर बिघडला नाहीं! तक्रार अशी कीं, पुष्कळ मंत्र दिसणाऱ्या व्यक्तीवरच चालतात. धर्मगुरूचा दुरून जखम भरणारा 'हीलिंग वर्ड' हा मंत्र त्यांपैकींच एक आहे. मित्र घायाळ होऊन पडला तरी काळोखांत तो दिसत नाहीं, म्हणून धर्मगुरु हात बांधून उभा राहतो. तेव्हां समतोल केवळ आपण व शत्रु ह्यांमध्यें साधून भागत नाहीं. तो सोबत्यासोबत्यांतहि साधावा लागतो.

ह्यावर मुलांनीं तीन उपाय सुचविले. पहिला, मंत्रच बंद करावा. हा आळशाचा उपाय होय. दुसरा, काळोख विरळ करावा. तो पूर्वीं करून झाला आहे. २००३ सालच्या नियमांत ह्या मंत्रानें नुसती अंधुक छाया पसरे. परिणामीं घोर अंधाऱ्या गुहेंत तो टाकल्यास, नियमांच्या शब्दांप्रमाणें, उलट थोडें दिसूं लागे! तिसरा, प्रत्येक शत्रूपाशीं हा काळोख घालविणारा 'डेलाइट' मंत्र द्यावा. ही तर सुधारणा नव्हे, त्या एका मुलास शिक्षा आहे.

माझी सूचना निराळी आहे. काळोख पूर्ण ठेवावा, पण त्रिज्या १० फूट करावी. ३० फूट लांब-रुंद खोलीचें क्षेत्रफळ ९०० चौरस फूट. तिच्या मध्यभागीं १५ फूट त्रिज्येचें वर्तुळ सुमारें ७०७ चौरस फूट, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक जागा गिळतें. १० फूट त्रिज्येचें वर्तुळ सुमारें ३१४, म्हणजे एक-तृतीयांशाहून किंचित् अधिक. सोबत्यांस उभें राहण्यास जागा उरते.

दुसरें असें कीं, हा मंत्र एखाद्या खड्यावर टाकतां येतो, आणि खडा डबींत झांकला म्हणजे काळोख थांबतो. वॉरलॉकानें आपल्या पाळीस डबी उघडावी, वार करावा व पाळी संपतांना ती मिटावी. नियमाप्रमाणें एका पाळींत अशी एकच हालचाल फुकट मिळते; दुसरी सूत्रधारानें द्यावी. म्हणजे त्याचा ३/४ चा लाभ कायम राहील, परंतु शत्रूचा संभव १/४ वर आणणारें कवच त्यास सोडावें लागेल. सोबत्यांस उजेड देण्याची ही किंमत आहे, आणि ती त्यानेंच भरली पाहिजे.

निर्गमाच्या पुस्तकांतील मिसर देशावर पडलेला तीन दिवसांचा काळोख मुलांस ठाऊक आहे. त्या काळोखांतहि एका पक्षास उजेड होता. परंतु तो सर्व इस्राएल लोकांच्या वस्तींत होता, एकट्या मोशेच्या घरांत नव्हता. ज्याला अधिक दिसतें, त्याच्यावर इतरांच्या डोळ्यांची जबाबदारी अधिक येते. वर्गांतील हुशार मुलासहि हाच न्याय लागू आहे.

पुढच्या शनिवारीं मुलांनीं हे दोन्ही नियम लावून पाहिले. लढाई लांबली. डबी मिटल्यावर वॉरलॉकास दोन जखमा झाल्या, आणि त्या दोन्ही त्या धाकट्यानें दुरूनच भरून काढल्या.